भांडे केवढे घ्यावे?

आपल्याकडे पदार्थाला सगळे नावाजतात, भांड्याला कोणी नावाजत नाही. लोणचे छान मुरले की श्रेय कैरीला आणि मसाल्याला मिळते. त्यावर बुरशी आली की मात्र "बरणी नीट पुसली नव्हती" हे वाक्य घरात हटकून ऐकू येते. दही, इडलीचे पीठ, आंबोळीचे पीठ, लिंबाचे लोणचे हे आंबणारे आणि मुरणारे पदार्थ अर्धे हातावर आणि अर्धे भांड्यावर अवलंबून असतात. आपल्या आज्यांना हे पुरते ठाऊक होते. आम्हां पुरुषांना ते कोणी समजावून सांगितल्याखेरीज कळत नाही.

मला ते कळले ते एका भलत्याच पदार्थाच्या निमित्ताने. तो पदार्थ म्हणजे घरी केलेली बिअर. दिवाळी अंकात हा विषय पाहून वाचकांनी दचकू नये. मी स्वतः या पेयाचा भोक्ता नाही, आणि कोणी हे वाचून घरी प्रयोग करावा असे तर मुळीच सुचवत नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याप्रमाणे महाराष्ट्रात परवान्याशिवाय मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. परंतु माझा भाचा राहतो अमेरिकेत, ऑरेगन राज्यात, पोर्टलंड शहराजवळ. आणि तिथे हा एक रीतसर, कायद्याने मान्य केलेला गृहोद्योग आहे. गेल्या मे महिन्याच्या सुट्टीत मी आणि माझी थोरली बहीण, म्हणजे भाच्याची आई, त्याच्याकडे महिनाभर राहिलो. बहिणीला आम्ही सारे अक्का म्हणतो. त्या महिन्यात घरात एकच वाद गाजत होता : बिअर आंबवण्यासाठी प्लास्टिकचे मोठे भांडे घ्यायचे, ते कोणते आणि केवढे?

कायद्याची वाट

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण मास्तरांना त्याशिवाय पुढे जाता येत नाही. अमेरिकेत १९२० पासून १९३३ पर्यंत देशभर दारूबंदी होती. ती उठली, घरी द्राक्षासव करण्यास मोकळीक मिळाली, पण बिअरला मात्र ती मिळाली नाही. अध्यक्ष जिमी कार्टर यांनी १९७८ च्या ऑक्टोबरात एका कायद्यावर सही केली, तेव्हा ही अडचण दूर झाली. एका प्रौढ माणसाच्या घरात वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा अधिक प्रौढ असलेल्या घरात २०० गॅलन, म्हणजे सुमारे ७५० लिटर, बिअर करावी. मात्र ती विकता कामा नये. एकेका राज्याने आपापला कायदा त्याला जुळवून घेतला. मिसिसिपी आणि अलाबामा ही शेवटची दोन राज्ये राजी व्हायला २०१३ साल उजाडले. इंग्लंडात १८८० पासून घरच्या बिअरला परवाना लागे. तो १९६३ साली अर्थमंत्री मॉडलिंग यांनी रद्द केला.

हे ऐकून मला कौटिल्याची आठवण झाली. 'अर्थशास्त्रा'त सुराध्यक्ष नावाच्या अधिकाऱ्यावर एक सबंध प्रकरण आहे. मद्य कुठे विकावे, किती विकावे, कोणाला द्यावे यावर त्या अधिकाऱ्याची कडक नजर असे. पण त्याच प्रकरणात गृहस्थाला घरच्या कार्यप्रसंगी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट करण्याची सवलत ठेवलेली आहे. विक्रीवर सरकारचा ताबा आणि घरगुती वापराला मर्यादित मोकळीक, हा तोडगा वॉशिंग्टनला सुचण्यापूर्वी दोन हजार वर्षे पाटलिपुत्रात माहीत होता म्हणायचा! तिथे आंबवण्याच्या बीजाला 'किण्व' असा शब्द आहे, आणि ते करायला सांगितले आहे उडीद आणि तांदूळ यांपासून. आजच्या शास्त्राच्या पुस्तकांतला 'किण्वन' हा शब्द त्याच घराण्यातला. आपल्या इडलीचे पीठ कोणत्या जातीकुळीचे आहे ते अक्काला सांगितले, तेव्हा तिने माझ्याकडे असे पाहिले, की पुढची व्युत्पत्ती मी मनातच ठेवली.

तीन उमेदवार

बिअरची कृती थोडक्यात अशी : जवाला मोड आणून ते वाळवायचे आणि भाजायचे, आपण नाचणीचे सत्त्व करतो तीच ही रीत. मग ते भरडून सुमारे ६५ अंश सेल्सियस तापमानाच्या पाण्यात तासभर ठेवायचे. पिष्टाची साखर होते. ते गोड पाणी गाळून, हॉप्स नावाच्या वेलीची कडसर फुले घालून तासभर उकळायचे, झटपट थंड करायचे आणि त्यात यीस्ट सोडून झाकून ठेवायचे. भांड्याचा प्रश्न येतो तो इथे. उकळण्याचे भांडे तासाभराचे सोबती. आंबवण्याचे भांडे दोन-तीन आठवडे त्या द्रवाचे घर असते. उकळल्यानंतर जंतू मारायला पुन्हा विस्तव नाही, त्यामुळे या घराची स्वच्छता हीच सारी भिस्त.

भाच्याने तोवर चार-चार लिटरांचे दोन प्रयोग काचेच्या बरणीत केले होते. आता त्याला 'मोठे' काहीतरी हवे होते. काचेचे मोठे कुंभ तिथे मिळतात. पण भरलेला, ओला, निसरडा काचकुंभ हातातून सुटला तर काय होते, याच्या हकिकती तिथल्या छंदिष्टांकडून इतक्या ऐकल्या होत्या, की सूनबाईंनी तो उमेदवार पहिल्याच दिवशी बाद केला. घरात दीड वर्षाचे रांगते-धावते पोर आहे. राहिले प्लास्टिक, आणि त्यात तीन उमेदवार उभे राहिले.

पहिला उमेदवार फुकटचा. जवळच्या एका खाणावळीत लोणच्याच्या काकड्या ज्या पांढऱ्या बादल्यांतून येतात, त्या रिकाम्या झाल्यावर मालक हवे त्याला देऊन टाकतो. दुसरा उमेदवार म्हणजे खास याच कामासाठी केलेली साडेसहा गॅलनांची, म्हणजे सुमारे २५ लिटरांची झाकणाची बादली. तिसरा सर्वांत देखणा : ६० लिटरांचा, पारदर्शक, खाली निमुळता होत गेलेला फर्मेंटर, पायांवर उभा, तळाशी झडप. भाच्याचा जीव या तिसऱ्यावर जडला होता. किंमत बादलीच्या कितीतरी पट.

पहिल्याचा निकाल अक्काने लावला. ती म्हणाली, "अरे, त्या बादलीत कढत पाणी घाल, झाकण लाव, आणि सकाळी उघडून वास घे." भाच्याने तसे केले. सकाळी झाकण उघडले तो सबंध गॅरेजमध्ये व्हिनेगरचा आणि शेपूच्या बियांचा घमघमाट! प्लास्टिक एकदा शोषलेला वास सोडत नाही. "लोणच्याच्या बरणीत दुसरं काही भरू नये, हे तुला मी लहानपणापासून सांगत आलेय," अक्का म्हणाली. भांडे जुने असो वा नवे, ही परीक्षा कोणालाही घरी करण्यासारखी आहे.

प्लास्टिक म्हणजे एक वस्तू नव्हे

आपण 'प्लास्टिक' म्हणतो तेव्हा जणू एकाच पदार्थाचे नाव घेतो. पण तांबे आणि जस्त यांच्यात जेवढा फरक, तेवढा प्लास्टिका-प्लास्टिकांतही असतो. भांड्याच्या बुडाशी बाणांच्या त्रिकोणात एक आकडा कोरलेला असतो. २ म्हणजे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन, ज्याच्या बहुतेक बादल्या होतात. १ म्हणजे पेट, ज्याच्या पाण्याच्या बाटल्या होतात आणि हे पारदर्शक फर्मेंटरही. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन. हा आकडा फक्त जात सांगतो. ते भांडे खाद्यपदार्थाला योग्य आहे याची ग्वाही देत नाही. रंग कोणता घातला, आधी त्यात काय ठेवले होते, यावर ते ठरते. त्यासाठी पेला आणि काटा यांचे चित्र, किंवा खाद्ययोग्य असल्याचा स्पष्ट मजकूर पाहावा. रंगाचा, डिटर्जंटचा डबा कितीही घासला तरी अन्नाला वापरू नये.

पॉलिएथिलीनची ही कडक जात १९५३ साली जर्मनीत कार्ल त्सीग्लर यांच्या प्रयोगशाळेत साध्या दाबाखाली तयार करता आली, आणि १९६३ साली त्यांना इटलीच्या नाट्टा यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे इंग्लंडात घरच्या बिअरचा परवाना रद्द झाला तेच वर्ष. स्वस्त, हलके, न फुटणारे भांडे आणि कायद्याची मोकळीक ही दोन्ही एका काळात आली. ब्रिटनमध्ये आजही या भांड्याला 'बिन' म्हणतात; केराच्या पेटीलाही तोच शब्द.

या बादलीचे दोष तीन. एक, तिच्यातून प्राणवायू अगदी सूक्ष्म प्रमाणात आत झिरपतो. पेटमधून त्याहून कमी, काचेतून मुळीच नाही. दोन-तीन आठवड्यांच्या मुक्कामात याने बिघडत नाही. पण महिनोन्महिने मुरवायचे असेल तर पुठ्ठ्यासारखी शिळकट चव येते. आपल्या वैद्यांना ही अडचण मातीच्या घड्याबाबत आली होती. आसव-अरिष्टे घालण्यापूर्वी घडा आतून तुपाने माखावा असे ग्रंथांत सांगितले आहे. मातीची छिद्रे बुजवण्याचा तो उपाय. भांडे श्वास घेते हे त्यांनी ओळखले होते.

दुसरा दोष ओरखड्यांचा. हे प्लास्टिक मऊ. तारेच्या घासणीने एकदा घासले की बारीक चरे पडतात, आणि त्या चऱ्यांत जंतू असे दडी मारून बसतात, की निर्जंतुक करणारे औषध त्यांच्यापर्यंत पोचत नाही. म्हणून कोमट पाण्यात भिजत ठेवावे, मऊ फडक्याने पुसावे, आणि चरे फार झाले की बादली खुशाल कपडे भिजवायला काढावी. तोटी असेल तर ती दर वेळी सुटी करून धुवावी. साका अडकतो तो तिच्या आट्यांतच. तिसरा दोष उष्णतेचा. उकळता द्रव प्लास्टिकमध्ये ओतू नये. पेट तर सत्तर अंशांच्या आसपास आकार सोडते.

पारदर्शक भांड्याचा एक दोष मात्र पांढऱ्या बादलीत कमी आढळतो. हॉप्समधले कडू घटक उजेडाने बिघडतात आणि बिअरला घाण वास येतो. बिअरच्या बाटल्या तपकिरी असतात त्या याच कारणाने. आत काय चालले आहे ते पाहायला पारदर्शक भांडे घ्यायचे आणि मग त्यावर गोधडी पांघरायची, यातला विनोद सूनबाईंनी भाच्याच्या नजरेस आणून दिला.

वायू, ऊब आणि वजन

आता आकाराकडे वळू. तिथल्या घरगुती घाण्याचे रूढ माप ५ गॅलन, म्हणजे सुमारे १९ लिटर. मग बादली २५ लिटरांची कशाला? पहिल्या तीन-चार दिवसांत यीस्ट असा काही फेस काढते, की वर पाच-सहा लिटर मोकळी जागा लागतेच. डोसाचे पीठ उन्हाळ्यात पातेल्याबाहेर येते, तोच प्रकार. शिवाय वायू. वीस लिटर द्रवातली साखर आंबून जो कर्बवायू निघतो, तो मोकळ्या हवेत सुमारे चारशे लिटर भरतो! झाकण घट्ट दाबून वाट बंद केली तर भांड्याचा बाँब होईल. म्हणून झाकणाला भोक असते आणि त्यात पाणी भरलेली एक छोटी नळी बसवतात. वायू बुडबुडत बाहेर जातो, बाहेरची हवा आत येत नाही. रात्रीच्या शांततेत ते बुडबुडणे ऐकून अक्का म्हणाली, "गॅरेजात कोणी म्हातारा गुडगुडी ओढत बसलाय जणू."

फर्मेंटर मोठा घ्यायचा तर आणखी दोन गोष्टी ध्यानात घ्याव्या लागतात. आंबताना द्रव तापतो. भांड्याची लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली तर आतला द्रव आठपट होतो, पण ऊब बाहेर टाकणारा पृष्ठभाग फक्त चौपट. म्हणून मोठे भांडे आपली उष्णता धरून ठेवते. यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात; त्यापुढे गेले की चव उग्र होते. लहान बादली पाण्याच्या परातीत ठेवून, ओले फडके गुंडाळून थंड राखता येते. साठ लिटरांना वेगळा शीतकपाट लागतो.

दुसरी गोष्ट वजनाची. एका लिटर गोड द्रवाचे वजन किलोहून थोडे अधिकच. पन्नास लिटर भरलेला फर्मेंटर म्हणजे तांदळाचे भरलेले पोते, आणि ते हलवायचे कसे, तर साका ढवळू न देता! सूनबाई म्हणाल्या, "मामा, हे एकदा जिथे ठेवतील तिथेच राहणार. मग माझी मोटार पावसात." खालच्या झडपेने साका काढता येतो हे खरे, पण जितके सांधे तितकी धुलाई, हेही खरेच.

अक्काचा प्रश्न

इथवरचा वाद भांड्याचा होता. अक्का त्यात आपले ज्ञान मोकळेपणी देत होती, म्हणून मला वाटले होते की तिला या प्रकाराचे काही वाटत नाही. एका संध्याकाळी भाचा कागदावर हिशेब मांडत होता : बादलीतून साका सोडून ४८ बाटल्या, मोठ्यातून सव्वाशेच्या वर, कष्ट मात्र जवळजवळ तेवढेच. अक्का म्हणाली, "सव्वाशे बाटल्या पिणार कोण?"

"मित्रांना देईन, आई. शिवाय कायद्याने चालतं."

"कायद्याला चालेल रे. घराला चालेल का ते विचारतेय."

मग ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "तुझ्या थोरल्या काकांची बाटली बाहेरून यायची. आली की घरात सगळ्यांना कळायचं. संपली की तेही कळायचं. तेव्हा निदान मोजता तरी येत होतं. घरातच पिंप भरलेलं असतं, तर मोजलं कोणी असतं?"

या थोरल्या दिरांची शेवटची दोन वर्षे अक्कानेच काढली होती. रुग्णालयाच्या खेपा तिच्या, रात्रीची जागरणे तिची. घरात तो विषय कोणी काढत नसे. भाचा तेव्हा शाळेत होता; त्याला काका 'आजारी' एवढेच माहीत. चाळिशीकडे झुकलेल्या मुलाला आईने ती हकिकत त्या दिवशी प्रथमच सरळ सांगितली, आणि सांगताना तिने उपदेशाचा एक शब्द उच्चारला नाही. "करू नकोस" असेही ती म्हणाली नाही. ती म्हणाली, "भांडं माणसाला सवय लावतं. मोठ्या पातेल्यात केलं की जास्त वाढलं जातं. लहान घे."

मला वाटते, भांडे कोणते घ्यावे याबद्दल त्या महिन्यात जेवढे बोलले गेले, त्यातले सर्वांत शास्त्रीय वाक्य हेच. कारण वायू, ऊब, वजन यांची गणिते भांड्याच्या आतल्या द्रवाची. घरातल्या माणसांचे गणित त्यात कोणी मांडलेच नव्हते.

भाचा त्यावर काही बोलला नाही. दोन दिवसांनी तो दुकानात गेला आणि २५ लिटरांची पांढरी बादली, झाकण, नळी, आणि द्रवाची घनता मोजणारा काचेचा तरंगता मापक घेऊन आला. दोन-तीन दिवस लागोपाठ घनता तीच आली की आंबणे संपले असे समजावे. त्याआधी बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. हे पथ्य त्याने चोख पाळले. सोबत त्याने एक वही आणली. तिच्या डाव्या पानावर किती केली, उजव्या पानावर किती गेली : मित्रांना किती, घरी किती, तारखेसह. ही वही त्याला कोणी सुचवली नव्हती. एक घाणा पूर्ण संपल्याखेरीज दुसरा घालायचा नाही, असा नियमही त्याने पहिल्या पानावर लिहून ठेवला.

तुमच्या-आमच्या घरांत ही बादली येणार नाही, येऊही नये. पण पिठाचा डबा, लोणच्याची बरणी, पाण्याचे पिंप ही खरेदी चालूच असते. तळचा आकडा आणि खाद्ययोग्यतेची खूण पाहावी, कढत पाण्याने वासाची परीक्षा घ्यावी, आंबट आणि तेलकट मुरायचे असेल तर काच किंवा चिनीमातीच बरी, हात आत जाईल एवढे तोंड असावे, आणि भरल्यावर उचलायचे कोणी ते दुकानातच ठरवावे. शेवटी केवढे घ्यायचे हे मात्र भांड्याकडे पाहून ठरवू नये. घरातल्या माणसांकडे पाहून ठरवावे.

आम्ही परत आलो त्याला आता पाच महिने झाले. दर रविवारी सकाळी पोर्टलंडहून फोन येतो. नातवाचे बोबडे बोल, हवापाणी, खुशाली असे सारे झाले की अक्का आवाजात काही फरक न करता विचारते, "किती उरल्या?" आणि भाचा वही उघडून आकडा सांगतो.